बहिणीचा पत्ता लिहावा

नाती उरली नाहीत, ही तक्रार हल्ली प्रत्येक लग्नाच्या मांडवात ऐकू येते. चुलतभाऊ चुलतभावाला ओळखत नाही, भाच्याला मामाचे गाव ठाऊक नसते, आणि मावशीचा फोन आला की मुले तो आईच्या हातात देऊन मोकळी होतात. या पडत्या काळातही नात्यांची मनापासून कदर करणारी एक संस्था आपल्यात टिकून आहे. तिचे ऋण आपण कधी मानले नाही, याची एक नागरिक म्हणून खंत वाटते. ही संस्था म्हणजे सरकार, आणि तिच्या जिव्हाळ्याचे साधन म्हणजे सरकारी नोकरीआधी भरायचा साक्षांकन नमुना.

वंशावळीचे मोल नाशिककरांना वेगळे सांगायला नको. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत. गाव सांगावे, आडनाव सांगावे, आणि पणजोबा कोणत्या साली येऊन गेले ते ऐकावे. मात्र या सोयीत एक अडचण होती. वही उघडायची तर बहुधा घरात कोणीतरी जावे लागे. सरकारने ही जाचक अट काढून टाकली. आता कोणी मरायची गरज नाही. कोणाला नोकरी लागली तरी पुरते. नियुक्तिपत्राच्या आशेवर बसलेला मुलगा एका रात्रीत भावाबहिणींची जन्मस्थाने, त्यांचे व्यवसाय, आजचे पत्ते आणि कायमचे पत्ते गोळा करतो. ज्या दादाशी बोलणे बंद आहे, त्यालाही पिनकोड विचारण्यासाठी फोन करतो. सरकारी कागदाने इतकी घरे जोडल्याचे दुसरे उदाहरण निदान मला तरी सुचत नाही.

केंद्र सरकारचा हा नमुना निवांत वाचावा असाच आहे. वडिलांचे पूर्ण नाव लिहा, टोपणनावे असल्यास तीही लिहा, असे तो सांगतो. आमच्या गल्लीत ज्यांना सगळे ‘नाना’ म्हणतात, त्यांच्या मुलाने ते लिहावे की लपवावे, यावर त्या घरात एक अख्खी रात्र गेली. लिहिले तर वडील दोन नावांनी वावरतात असे दिसणार. न लिहिले तर माहिती दडवली म्हणून नोकरी जाणार. पुढे प्रत्येक नातेवाइकाचे राष्ट्रीयत्व विचारले आहे, जन्माने की अधिवासाने तेही विचारले आहे. मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकत वा राहत असेल, तर त्यासाठी वेगळा रकाना आहे: देश कोणता, पत्ता काय, कोणत्या तारखेपासून. स्वतः उमेदवार परदेशात राहिला असल्यास तोही तपशील द्यायचा, ‘पाकिस्तानसह’. पाकिस्तान हा परदेश आहे, हे कंसात का होईना, लेखी मान्य करणारे कागद थोडेच असतील. मूळचे पाकिस्तानचे रहिवासी असल्यास ‘त्या डोमिनियन’मधला पत्ता द्यावा, असे या नमुन्याच्या कित्येक प्रतींत अजून छापलेले असते. पाकिस्तान १९५६ साली डोमिनियन राहिले नाही. नमुना मात्र आपल्या शब्दाला जागून आहे. एवढी निष्ठा जो कागद दाखवतो, त्याने इतरांची निष्ठा तपासावी हे न्यायाचेच आहे.

नाशिक हे या नमुन्याचे माहेरघर म्हणावे लागेल. नाशिकरोडला भारत प्रतिभूती मुद्रणालय आहे, शेजारी १९२८ पासून नोटा छापणारे चलार्थपत्र मुद्रणालय आहे. ओझरला १९६४ पासून एचएएलचा विमानांचा कारखाना आहे. देवळालीला तोफखान्याचे विद्यालय आहे, इथल्याच गांधीनगरला लष्कराच्या उड्डाण शाखेचे वैमानिक घडतात. ‘मुलगा प्रेसला आहे’ किंवा ‘एचएएलला आहे’ एवढे सांगितले की इथे पत्रिका न जुळताही लग्न जमत असे. पुढे याच घरांतली दुसरी मुले अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला, दुबईला गेली. ज्या पासपोर्टवर ती गेली, त्याची पुस्तिकाही नाशिकरोडच्याच प्रेसमध्ये छापलेली. म्हणजे बाहेर जाण्याचे साधन आपण छापायचे, आणि बाहेर कोण गेले हे आपणच संशयाने विचारायचे. मालापासून तक्रारीपर्यंत सारे एकाच गावात होते. स्वयंपूर्णता यापेक्षा वेगळी काय असते?

हे काम प्रत्यक्षात किती आपुलकीने चालते, ते मी शेजारच्या घरी पाहिले आहे. तिथल्या मुलाची एका सरकारी कारखान्यात निवड झाली होती. आयटीआय, मग डिप्लोमा, हाताला कसब, आणि गावात कोणाशी वाकडे नाही. एके सकाळी गोपनीय शाखेचे हवालदार साध्या वेशात आले. ओट्यावरच बसले. चहा आला. घरात कोण कोण, वडील कुठे होते, कोणत्या पक्षात आहेत का, भाडेकरू ठेवले आहेत का, सगळे ठरल्याप्रमाणे पार पडले. मग त्यांनी विचारले, “परदेशात कोणी?”

“तशी ताई असते,” मुलगा चाचरत म्हणाला.

“तशी म्हणजे काय रे?” आतून आजी बाहेर आल्या. “न्यू जर्सीला स्वतःचं घर आहे तिचं. जावई मोठ्या हुद्द्यावर आहेत. थांबा साहेब, फोटो दाखवते.”

हवालदारांनी लिहून घेतले. “फोन होतो का आजी?”

“रोज! सकाळी माझी पूजा चाललेली असते ना, तेव्हा ती व्हिडिओ लावते.”

‘संपर्क: रोज,’ असे लिहिलेले मला माझ्या खुर्चीवरून दिसले. मुलगा आजीकडे डोळे वटारून पाहत होता. आजींना वाटले, त्याला आणखी सांगायचे आहे.

“इकडून काही पाठवता का तिकडे?”

“पाठवते तर! चिवडा, भाजणी, मेतकूट. मागच्या खेपेला गोडा मसाला पाठवला दोन किलो.”

मेतकुटाशी त्यांचे पेन क्षणभर थांबले. मग त्यांनी वही मिटली, चहा संपवला आणि जाता जाता आवाज खाली आणून म्हणाले, “आजी, आमची मुलगीपण म्हणतेय एमएसला जायचं. तिकडे खर्च किती येतो, ताईंना जरा विचाराल का?” हा प्रश्न मात्र वहीत गेला नाही. शासनाने माणसात माणूसपण शिल्लक ठेवले आहे, याचा हा पुरावा मी आवर्जून नोंदवतो.

या पद्धतीमागचा विचार समजून घेतला पाहिजे. बहीण परदेशी आहे. उद्या तिथले कोणी तिला गाठेल, दटावेल किंवा भुलवेल. ती भावाला गळ घालेल. भाऊ विरघळेल, आणि ज्या कारखान्यात तो लेथ चालवतो, तिथले रहस्य राखीच्या पाकिटातून सातासमुद्रापार जाईल. बहिणीच्या मायेवर इतका विश्वास आज कोणाचा उरला आहे? आपल्या समाजात वडिलांच्या जमिनीची वेळ आली की भाऊ बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतो, हक्कसोडपत्रावर तिची सही घेतो आणि साडीचोळी देऊन परत पाठवतो. जो भाऊ बहिणीसाठी बांधाची दोन हात जमीन सोडत नाही, तो तिच्यासाठी देश सोडेल, हे सरकारला पटलेले आहे. भाऊबीज आणि रक्षाबंधन या सणांचा इतका शब्दशः अर्थ कोणत्याही धर्ममार्तंडाने लावलेला नाही.

काही नतद्रष्ट लोक यावर उदाहरणे देतात. ऑक्टोबर २०२० मध्ये ओझरच्या विमान कारखान्यातल्या एका कर्मचाऱ्याला विमानांची माहिती सीमेपार पुरवल्याच्या आरोपावरून दहशतवादविरोधी पथकाने पकडले. मे २०२३ मध्ये पुण्यात संरक्षण संशोधन संस्थेच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला तशाच आरोपाखाली अटक झाली. या दोन्ही वेळी चर्चा झाली ती मोबाइलवर ओळख झालेल्या, कधी समोर न आलेल्या व्यक्तींची. ताईचे, काकाचे, मेहुण्याचे नाव कोणी काढले नाही. टीकाकार म्हणतात, मग नमुन्यात याविषयी रकाना का नाही? उत्तर अगदी सोपे आहे. मोबाइलवरची ती व्यक्ती नातेवाईक नाही. तिचा जन्म कुठला, अधिवास कुठला, टोपणनाव काय, हे कोणालाच ठाऊक नसते. मग रकाना भरायचा कसा? जे भरता येते तेच विचारावे, हे सुव्यवस्थित कार्यालयाचे पहिले लक्षण आहे.

मुद्रांक घोटाळ्याचेही तेच. अब्दुल करीम तेलगीने नाशिकच्या प्रेसची जुनी छपाईयंत्रे मिळवली आणि खोट्या मुद्रांकांनी देश भरून टाकला. त्यासाठी कोणाच्या न्यू जर्सीच्या जावयाला साकडे घालावे लागले नाही. भंगाराचा लिलाव पुरेसा ठरला. यंत्राला बहीण नसते, म्हणून ते फाटकाबाहेर पडताना कोणी साक्षांकन मागितले नसावे. नियमाप्रमाणे पाहता त्यात वावगे काहीच झाले नाही.

कारखान्यात जी विमाने बांधली जातात, त्यांच्या सोयरिकीकडे मात्र आपण मोठ्या मनाने पाहतो, हेही कौतुकास्पद आहे. मिग-२१ ने ओझरला उभे केले. त्याचे आजोळ सोव्हिएत संघात. सुखोई-३० चे घराणे मॉस्कोचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरच्या धावपट्टीवरून नाशिकमध्ये बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए उडाले, तेव्हा आपल्या सर्वांची छाती फुगली. त्याच्या पोटात अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे इंजिन आहे आणि वैमानिकाच्या खाली ब्रिटनच्या मार्टिन-बेकरचे आसन. इंजिनाचा पुरवठा तिकडून लांबला तर विमान इथे जमिनीवर बसून राहते, हा अनुभव आपण घेतलेला आहे. तेव्हा विमानाच्या काळजाचा पत्ता अमेरिकेतला असला तरी चालतो. ते काळीज बसवणाऱ्या फिटरच्या बहिणीचा पत्ता तिथला नसावा. यात विसंगती पाहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की इंजिन रोज सकाळी आजीच्या पूजेच्या वेळी फोन करत नाही.

परदेशातल्या भावंडामुळे राज्य धोक्यात येते, याला पुरावाच नाही असेही नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तो पुरावा नाशिकनेच दिला आहे. बाबाराव सावरकर नाशिकला होते आणि धाकटा भाऊ लंडनला बॅरिस्टरीसाठी. ८ जून १९०९ रोजी बाबारावांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. लंडनच्या भावाने पाठवलेली ब्राउनिंग पिस्तुले तोवर हिंदुस्थानात पोचली होती. २१ डिसेंबरच्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग होता, तिथे अनंत कान्हेरे यांनी त्यांतल्याच एका पिस्तुलाने कलेक्टर जॅक्सन यांना गोळ्या घातल्या. परदेशस्थ नातलग, इकडून तिकडे पत्रे, तिकडून इकडे पार्सल: नमुन्यातला प्रत्येक रकाना इथे खरा ठरला. ते राज्य कोणाचे होते आणि संशय कोणावर होता, हा तपशील वेगळा. चांगली पद्धत कोणाकडूनही घ्यावी. राज्यकर्ते गेले म्हणून त्यांची नजरही परत करावी, असे स्वातंत्र्याच्या कोणत्याही कलमात लिहिलेले नाही.

ही नजर लवचीक आहे, हे तिचे आणखी एक वैशिष्ट्य. पायरीवरचा माणूस जितका खालचा, तितका त्याचा परदेशी नातेवाईक घातक. जसजसे पद वाढते, तसतसा तोच नातेवाईक निरुपद्रवी होत जातो आणि एका उंचीनंतर तर शोभेचा होतो. हेल्परचा भाऊ मस्कतला वायरमन असेल तर तो विचारात घेण्याजोगा मुद्दा असतो. मोठ्या खुर्चीवरच्या माणसाचा मुलगा बोस्टनला स्थायिक असेल तर तो सत्काराचा मुद्दा असतो. नेपाळचे नागरिक गोरखा पलटणींत दशकानुदशके भरती झाले, भारतासाठी लढले आणि पडले. तिथे प्रश्नच आला नाही, कारण जो स्वतःच परदेशी आहे, त्याला परदेशी नातेवाईक कसे असणार?

के. आर. नारायणन परराष्ट्र सेवेत होते. त्यांनी १९५१ साली ब्रह्मदेशाच्या मा टिंट टिंट यांच्याशी लग्न केले. परराष्ट्र सेवेच्या नियमात ते बसत नव्हते. पंतप्रधान नेहरूंनी खास परवानगी दिली. त्या पुढे उषा नारायणन झाल्या, आणि नारायणन १९९७ मध्ये राष्ट्रपती, म्हणजे तिन्ही सैन्यदलांचे सरसेनापती. नियम शिथिल केला की काय होते, याचे हे ठळक उदाहरण. नियम पाळला असता तर आपण केवढा धोका टाळला असता, आणि केवढा राष्ट्रपती.

अमेरिकाही या बाबतीत आपल्या पुढे नाही, हे वाचून बरे वाटेल. तिथल्या सुरक्षा परवान्याच्या अर्जाला शंभरावर पाने असतात, आणि ‘परकीय प्रभाव’ हा तपासणीचा स्वतंत्र निकष आहे. नाशिकचा मुलगा तिथला नागरिक झाला आणि त्याला संरक्षण क्षेत्रात काम मिळाले, की त्याला कॉलेज रोडवरच्या आईची नोंद परकीय नातेवाईक म्हणून करावी लागते. म्हणजे इकडे मुलगा तिकडे असल्याने घर संशयित, आणि तिकडे आई इकडे असल्याने मुलगा संशयित. सकाळी पूजेच्या वेळचा एकच फोन दोन बलाढ्य लोकशाह्या दोन टोकांना काळजीने नोंदवून घेतात. दोन देशांतल्या धोरणात्मक भागीदारीचे इतके हृद्य उदाहरण संयुक्त पत्रकांतही सापडत नाही. रॉबर्ट हॅन्सन हा त्यांच्याच एफबीआयचा अधिकारी, शिकागोचा, वडीलही तिथल्या पोलीस खात्यात. त्याने १९७९ पासून २००१ पर्यंत मॉस्कोला गुपिते विकली. त्याच्या घराण्यात बोट ठेवायला जागा नव्हती. पद्धतीचा दोष काढता येणार नाही. त्यानेच तिच्या अपेक्षेप्रमाणे वागायचे नाकारले.

सुधारणेला वाव नाही असे मात्र मी म्हणणार नाही. नमुना आई, वडील, जोडीदार, मुले, भाऊ आणि बहीण यांच्यापाशी थांबतो. आत्या, मावशी, साडू, व्याही, विहीणबाई यांना वगळणे हा मराठी भाषेचा अपमान आहे. एका इंग्रजी शब्दात जग जिथे चार नाती कोंबते, तिथे आपल्याकडे प्रत्येक नात्याला वेगळे नाव आहे. सरकारने तेवढे रकाने वाढवावेत. कुटुंबाच्या व्हॉट्‌सॲप गटात अधिक एक, अधिक एकसष्ट, अधिक नऊशे एकाहत्तर अशा क्रमांकांवरून रोज ‘शुभ सकाळ’ येते. त्या फुलांत काय दडले आहे, हे तपासायला एक स्वतंत्र कक्ष नेमावा. मोबाइलवरच्या अनोळखी मैत्रिणीला मात्र हात लावू नये. ती खासगी बाब आहे.

शेजारच्या मुलाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. त्याची पडताळणी प्रलंबित राहिली. नकार आला नाही, होकारही आला नाही. चौदा महिने तो एका वर्कशॉपमध्ये रोजंदारीवर राहिला. कारखान्यात चौकशीला गेला की ‘वरून यायचंय’ असे सांगत. पोलिसांकडे गेला तर ‘आम्ही केव्हाच पाठवलंय’ म्हणत. या काळात ताईने दोनदा विचारले, मी रोज फोन करू नको का? आजींनी तिला सांगितले, पूजेच्या वेळी नको, दुपारी कर.

शेवटी ताईच्या नवऱ्याने ओळखीने जर्मनीतल्या एका कारखान्यात त्याचे जमवले. पासपोर्टचा अर्ज झाला. पुन्हा पडताळणी निघाली, आणि तेच हवालदार त्याच ओट्यावर येऊन बसले. आजींनी चहा दिला. नोकरीसाठी परदेशी चाललाय म्हटल्यावर त्यांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली, ‘चांगलं केलंस’ म्हणाले, आणि आठवडाभरात अहवाल अनुकूल गेला. नाशिकरोडला छापलेला पासपोर्ट स्पीड पोस्टाने घरी आला.

त्या घरात आता धाकटा उरला आहे. परवा त्याने सरकारी नोकरीसाठी साक्षांकन नमुना भरला. भावंडांच्या रकान्यात त्याला दोन परदेशी पत्ते लिहावे लागले.